किलिमांजारोच्या उतारावरचा एक दिवस : माटेरुनी गावाची सहल

टांझानियाला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो पाहतात, अंगात बळ आणि मनात जिद्द असणारे किलिमांजारोच्या शिखरापर्यंत जातात, आणि त्याच डोंगराच्या दक्षिण उतारावर पिढ्यान्‌पिढ्या शेती करून राहिलेल्या चागा लोकांच्या गावांकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये सफारी आटोपल्यावर मोशी शहरात आमच्या हाती एक दिवस मोकळा होता. मुक्कामाच्या ठिकाणी स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी सुचवल्यावरून आम्ही माटेरुनी या गावाची दिवसभराची सहल घेतली. बरोबर ६७ वर्षांची आई आणि धाकटा भाऊ होता. संपूर्ण प्रवासात ज्या दिवसाला सर्वांत कमी खर्च आला, तोच आम्हा तिघांच्या सर्वांत जास्त लक्षात राहिला, म्हणून त्यातले चांगले आणि खटकलेले असे दोन्ही इथे सविस्तर लिहिते आहे.

माटेरुनी हे गाव मोशीच्या उत्तरेस सुमारे १५ किलोमीटरवर, उरु भागात आहे. अंतर थोडे असले तरी शहर संपताच चढ लागतो, पुढे डांबरी रस्ता जाऊन तांबड्या मातीचा येतो, आणि पाऊस पडलेला असेल तर त्या चिखलात दणकट गाडीशिवाय निभाव लागत नाही. आम्हाला पाऊण तास लागला. सहलीचा ठरलेला क्रम असा, की आधी गावातून धबधब्यापर्यंत पायी जाऊन यायचे, मग एका शेतकऱ्याच्या अंगणात कॉफी फळापासून पेल्यापर्यंत कशी होते ते स्वतः करून पाहायचे, आणि तिथेच जेवायचे. गावातल्या कचेरीत नाव नोंदवून गावचाच वाटाड्या घ्यावा लागतो. हा नियम मला फार योग्य वाटला, कारण मोशीहून आलेला चालक कितीही माहीतगार असला तरी कोणत्या बांधावरून जायचे आणि कोणाच्या अंगणातून जाताना थांबून विचारायचे, हे गावच्या माणसालाच कळते.

आमचा वाटाड्या २५-२६ वर्षांचा, शांत बोलणारा तरुण होता. तो भावाला ‘काका’ म्हणू लागला आणि मला ‘दादा’, तेव्हा आम्ही क्षणभर गोंधळलो. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण. आईला सारे गाव ‘मामा’ म्हणत होते, म्हणजे आईच. चागांची स्वतःची भाषा निराळी आहे आणि तिच्यात आभार मानताना समोर पुरुष असेल तर ‘आइका म्बे’ व स्त्री असेल तर ‘आइका माए’ म्हणतात. त्याने हे दोन शब्द आमच्याकडून घोटून घेतले, आणि वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्या माणसांना आम्ही ते म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यांवर जो आनंद दिसला, त्यामुळे पुढचा सगळा दिवस सोपा झाला.

या सहलीची जाहिरात धबधब्याच्या नावाने होते, पण माझ्या मते खरे पाहण्यासारखे आहे ते त्याच्या आधीचे तासभराचे चालणे. चागा कुटुंबाची घराभोवतीची वडिलोपार्जित बाग म्हणजे ‘किहांबा’, आणि डोंगराचा साधारण ९०० ते १,९०० मीटर उंचीचा पट्टा अशा बागांनीच भरलेला आहे. लांबून ते जंगल वाटते. आत गेल्यावर कळते, की प्रत्येक झाड कोणीतरी विचार करून लावलेले किंवा मुद्दाम राखलेले आहे. सर्वांत वर सावलीची उंच झाडे, त्यांच्याखाली केळी, केळींच्या सावलीत कॉफी, आणि जमिनीलगत अळू, घेवडा, पालेभाज्या. गाई-शेळ्या गोठ्यात बांधूनच वाढवतात, त्यांना केळीची पाने व कापून आणलेला चारा घालतात, आणि शेणखत पुन्हा केळीच्या बुंध्याशी येते. आमची आई दापोलीकडची, तिचे बालपण नारळ, पोफळ आणि पोफळीवर चढवलेल्या मिरवेलीच्या वाडीत गेले. ती एका बागेत बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “इथे नारळ तेवढा नाही, बाकी सगळं आपल्या वाडीसारखंच की गं.” याच उतारावरच्या शिंब्वे जू गावातील किहांबा पद्धतीची संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशांत नोंद केली आहे. ते वाचून गेले होते, पण त्या नोंदीमागचे कष्ट किती आहेत, हे डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चढ चढणाऱ्या बाया पाहिल्यावर समजले.

बागांच्या हद्दीवर लांब, टोकदार, चकचकीत पानांच्या एका झुडपाची रांग दिसते. त्याचे नाव ‘इसाले’, आणि चागांमध्ये त्याला पवित्र मानतात. ज्याच्याशी भांडण झाले असेल त्याच्याकडे इसालेचे पान घेऊन जाऊन क्षमा मागितली, तर त्याने नाही म्हणायचे नाही, अशी रीत आहे. वाटाड्याने एक पान तोडून आईच्या हातात दिले आणि त्याच्या आजोबांनी शेजाऱ्याशी असलेला जमिनीचा तंटा असाच मिटवल्याचे सांगितले. जे झुडूप हद्द दाखवते तेच हद्दीवरून झालेले भांडण मिटवते, ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही.

दुसरी थांबून पाहावी अशी गोष्ट म्हणजे पाण्याचे पाट. त्यांना ‘म्फोंगो’ म्हणतात. वर जंगलात ओढ्याचे पाणी अडवून डोंगराच्या कडेकडेने खोदलेल्या या पाटांतून ते बागेबागेत येते, आणि कोणत्या घराने कोणत्या दिवशी किती वेळ पाणी घ्यायचे हे पाट राखणारी मंडळी ठरवतात. युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून हे पाट वाहत आहेत. धुळे-नाशिककडे पांझरा-मोसमच्या काठची फड पद्धत आणि तिथला पाटकरी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही. वाटाड्याने आणखी एक महत्त्वाचे सांगितले आणि ते बरोबर आहे : किलिमांजारोवरचे बर्फ १९१२ पासून ८० टक्क्यांहून अधिक वितळले आहे, पण या ओढ्यांचे पाणी मुख्यतः बर्फातून येत नाही, ते मधल्या जंगलपट्ट्यात पडणाऱ्या पावसाचे आणि तिथे अडणाऱ्या धुक्याचे आहे. त्यामुळे गावाला खरी धास्ती आहे ती जंगल तुटण्याची. हिमशिखराची छायाचित्रे काढून परतणाऱ्या आमच्यासारख्यांनी ऐकून घ्यावी अशीच ही गोष्ट आहे.

धबधबा सुमारे ८० मीटर उंचीचा आहे. पायवाट अरुंद आहे, एका बाजूला दरी आहे, आणि शेवटच्या टप्प्यात दगड ओले असतात. तरीही रोज चालण्याची सवय असलेल्या माणसाला ती कठीण नाही. आईने काठी घेतली, दोन ठिकाणी वाटाड्याचा हात धरला आणि तासाभरात ती पोचली. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र उतरण्यापेक्षा परतीच्या चढाचा विचार आधी करावा. वळण घेतल्यावर एकदम समोर ती पांढरी धार येते, आणि तिचे तुषार पन्नास पावलांवर उभ्या माणसालाही भिजवतात. भाऊ डोहात उतरला आणि मिनिटभरात दात वाजवत बाहेर आला. ऑगस्टमध्ये तिथे थंडीचेच दिवस असतात.

कॉफीचा भाग दुपारी, एका घराच्या अंगणात गवताने शाकारलेल्या मांडवाखाली होता. किलिमांजारोवर कॉफी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅथलिक मिशनऱ्यांनी आणली, पण ती वाढवली चागा शेतकऱ्यांनी. गोऱ्या मळेवाल्यांचा विरोध असताना त्यांनी १९२५ मध्ये स्वतःची उत्पादक संघटना उभी केली आणि १९३३ मध्ये तिच्या जागी ‘किलिमांजारो नेटिव्ह को-ऑपरेटिव्ह युनियन’ हा सहकारी संघ स्थापन झाला, जो आजही चालू आहे. आपल्याकडे प्रवरानगरचा साखर कारखाना उभा राहिला त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. सहकाराचे महत्त्व आणि त्यातली दुखणी दोन्ही जाणणाऱ्या महाराष्ट्रातल्या वाचकाला त्या घरच्या मालकाशी या विषयावर बोलताना खूप काही सापडेल. भाव पडल्यामुळे कॉफी उपटून तिथे भाजीपाला लावणारे शेजारी त्यांनी बोटाने दाखवले. स्वतःची झाडे मात्र वडिलांनी लावलेली असल्यामुळे राखली आहेत, असे ते म्हणाले.

आधी लाल झालेली फळे आम्हीच तोडली. हाताने फिरवायच्या छोट्या यंत्रात ती घातली की साल एकीकडे आणि बुळबुळीत बिया दुसरीकडे पडतात. तो बुळबुळीत थर सुटण्यासाठी बिया दिवसभर भिजत ठेवाव्या लागतात आणि मग धुऊन उंच मांडणीवर कित्येक दिवस वाळवाव्या लागतात, म्हणून पुढच्या कामासाठी आधीच वाळवून ठेवलेल्या बिया काढल्या. त्या लाकडी उखळात घालून दोघांनी आळीपाळीने उंच मुसळांनी कांडायच्या असतात, आणि घरातल्या बायका टाळ्या वाजवत गाणे म्हणतात, ज्यात ‘ट्वांगा’, म्हणजे ‘कांडा’, हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. गाण्याच्या ठेक्यावर मुसळ पडले की हात दुखत नाही. जात्यावरच्या आणि कांडणाच्या ओव्या ऐकत वाढलेल्या आईला हे कोणी सांगण्याची गरज नव्हती.

त्यानंतर घरच्या बाईंनी वेताचे पसरट सूप आणले आणि कांडलेल्या बिया पाखडून कशा घ्यायच्या ते आम्हाला दाखवू लागल्या. माझ्या पहिल्याच झटक्याला निम्म्या बिया जमिनीवर गेल्या. आईने माझ्या हातातून सूप घेतले, पदर खोचला, दोनदा हलकेच घोळवले आणि मग मनगटाच्या एकाच लयीत पाखडायला लागली. पिवळसर कोंडा तिच्यापुढे उडून पडत होता आणि हिरवट-राखाडी बिया मागच्या काठाशी गोळा होत होत्या. बाई थांबल्या, बघत राहिल्या, मग मोठ्याने हसून त्यांनी आतल्या सुनेला हाक मारली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आईने सूप खाली ठेवल्यावर त्या बाईंनी तिचा हात हातात घेऊन तळवा उलटून पाहिला आणि तसाच काही वेळ धरून ठेवला.

तीन दगडांच्या चुलीवर मातीच्या भांड्यात बिया भाजायला वीसेक मिनिटे लागली. सतत ढवळावे लागते. आधी गवतासारखा वास येतो, मग भाजलेल्या पावासारखा, आणि बिया तडतडायला लागल्या की धुराबरोबर खरा कॉफीचा वास मांडवभर पसरतो. पुन्हा उखळ, चाळण, आणि शेवटी उकळत्या पाण्यात ती भुकटी. दूध नव्हते, साखरही मागितल्यावर आली. आम्ही घरी दुधाची, जायफळ घातलेली कॉफी पिणारी माणसे, तरीही ती काळी कॉफी मी दोनदा मागून घेतली. तिच्यात कडवटपणा कमी आणि फळासारखी हलकी आंबट चव होती.

जेवणात उकडलेल्या कच्च्या केळ्यांची रस्साभाजी, भात, लाल घेवडा, ‘म्चिचा’ नावाची पालेभाजी आणि ‘कचुंबरी’ होती. म्चिचा म्हणजे आपला माठ, आणि कचुंबरी हा शब्द तर सरळ आपल्याकडूनच तिकडे गेलेला. चपातीला तिथे ‘चपाती’च म्हणतात. केळ्यांचा हा रस्सा एरवी मांस घालूनच करतात, तेव्हा शाकाहारी मंडळींनी आदल्या दिवशी स्पष्ट सांगून ठेवावे, आणि ‘थोडेसेच घातले आहे’ असे कोणी म्हटले तर त्याचा अर्थ समजून घ्यावा.

जेवणाआधी यजमानांनी भोपळ्याच्या पात्रात ‘म्बेगे’ आणले. लग्न असो, बारसे असो की तंटा मिटवायची बैठक, चागांचे कोणतेही कार्य या पेयाशिवाय होत नाही. पिकलेली केळी शिजवून आंबवतात, त्यात मोड आणून दळलेल्या ‘उलेझी’ची पेज मिसळतात आणि कडवटपणासाठी ‘म्सेसेवे’ झाडाची साल घालतात, जे आपल्या सर्पगंधेच्याच कुळातले आहे. उलेझी म्हणजे नाचणी. नाचणीचे मूळ पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशातले, तिथून ती हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. आणि केळ आशियातून समुद्रमार्गे आफ्रिकेत गेले. घरात आम्ही कोणी मद्य घेत नाही, म्हणून मी ते केवळ हुंगून परत दिले, भावाने मात्र चव घेतली आणि आंबलेल्या आंबिलीसारखे लागते असे सांगितले. आईने मोड आलेली नाचणी पाहायला मागितली, मुठीत घेतली, आणि दापोलीची नाचणी याहून गडद असते असे तिचे मत पडले.

आता खटकलेल्या गोष्टी. मोशीतल्या ज्या मध्यस्थाकडून सहल घेतली, त्याने माणशी ५५ डॉलरमध्ये गाडी, वाटाड्या, गावाचे शुल्क आणि जेवण असे सर्व धरले असल्याचे सांगितले होते, पण गावात पोचल्यावर शुल्क आम्हालाच भरावे लागले आणि संध्याकाळी विचारले तेव्हा त्याने उडवाउडवीची उत्तरे दिली. पैसे फार नव्हते, पण ते शुल्क गावाच्या कामासाठी असते आणि मध्यस्थ ते मधल्यामधे खिशात घालतो, याचा मला राग आला. तेव्हा काय काय धरले आहे ते लिहून घ्यावे, आणि गावाचे शुल्क स्वतःच्या हाताने भरून पावती घ्यावी. गाडीही तासभर उशिरा आली. स्वाहिलीत घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे सकाळचे सात म्हणजे ‘पहिला तास’ आणि आठ म्हणजे ‘दुसरा’. त्यामुळे वेळ ठरवताना दोन्ही पद्धतींनी बोलून खात्री करून घ्यावी. आमच्याबाबत मात्र ती सबब नव्हती, चालक आधी दुसऱ्या पाहुण्यांना सोडायला गेला होता.

हेच मध्यस्थ एका दिवसात माटेरुनीबरोबर चेम्का येथील निळ्याशार पाण्याचे झरेही ‘बसवून’ देतात. झरे सुंदर आहेत, असे अनेकांकडून ऐकले, पण ते मोशीच्या दुसऱ्या बाजूला, बऱ्याच अंतरावर आहेत, आणि दोन्ही एका दिवसात करायचे तर कॉफी भाजायला लागणारी ती वीस मिनिटेच प्रथम कापली जातात. आमच्या शेजारच्या मांडवातल्या एका गटाला आधीच भाजून ठेवलेली कॉफी पाजून पाऊण तासात उठवलेले मी पाहिले. असे करू नये.

वाटेत दोन मुले काठीवर सरडा बसवून छायाचित्रासाठी पैसे मागत होती. तीन शिंगांचा तो सुंदर जीव उन्हात हाताळला जाऊन मलूल झाला होता. आमच्या वाटाड्याने त्या मुलांना समजावून सरडा झाडावर ठेवायला लावला. आपणही पैसे देऊ नयेत. मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटणेही टाळावे. काही द्यायचेच असेल तर गावच्या शाळेविषयी कचेरीत विचारावे.

सर्वांत मोठी उणीव इतिहासाची आहे. शेजारच्याच सोंडेवर जुने मोशी आहे, जिथे मोशीच्या चागांचा राजा मांगी मेली याला तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या जर्मनांनी २ मार्च १९०० रोजी इतर सरदारांसह झाडाला फाशी दिले. त्याचे शिर जर्मनीला नेले गेले असे त्याच्या वंशजांचे म्हणणे आहे आणि त्याचा शोध ते अनेक दशके घेत आहेत. सहलीच्या ठरलेल्या बोलण्यात याचा उल्लेखही नव्हता. मी विचारले तेव्हा आमचा वाटाड्या चालता चालता थांबला, आणि त्याने शाळेत व घरी ऐकलेले सगळे, कोणतीही घाई न करता, सांगितले. पाहुण्यांना गाणी आणि कॉफी आवडते, हे कोणी विचारत नाही, असे तो म्हणाला. ज्यांच्याकडे आणखी अर्धा दिवस असेल त्यांनी जुन्या मोशीला अवश्य जावे, आणि नसेल त्यांनी निदान प्रश्न विचारावा.

जून ते ऑक्टोबर हा कोरडा काळ चालण्यासाठी उत्तम, आणि कॉफीची तोडणीही साधारण जुलैपासून सुरू होते. मार्च ते मे या मोठ्या पावसात ती वाट टाळलेली बरी. तळाला खाचा असलेले बूट, बदलायला एक कपड्यांचा जोड आणि हलका रेनकोट पुरे. शिखर दिसेल या आशेने जाऊ नये, कारण दुपारी ५,८९५ मीटरचा तो डोंगर बहुधा ढगातच असतो. आम्हाला तो परतताना, सूर्य कलल्यावर, गाडीच्या मागच्या काचेतून पाच मिनिटे दिसला. बक्षिसी वाटाड्याला देतो तशी कांडणाऱ्या-गाणाऱ्या बायांनाही वेगळी, त्यांच्या हातात द्यावी.

कॉफी मोशीतल्या दुकानांतून घेण्यापेक्षा त्या घरूनच घ्यावी. तयार पिशव्यांवर भाजल्याची तारीख नसते, म्हणून ज्या दिवशी जाल त्याच दिवशीची भाजून मागावी आणि दळून न घेता अख्ख्या बिया घ्याव्यात. आम्ही अर्धा किलो आणली. त्यातली शेवटची गौरी-गणपतीला आलेल्या पाहुण्यांसाठी आईने खलबत्त्यात कुटली, आणि तेवढ्या एका दिवशी तिने कोणालाही त्यात दूध घालू दिले नाही.